गंजावरचा आवाज

निपाणी,
१९ नोव्हेंबर १९८३

आनंदा,

जयभीम. तो आईनं घालायला लावला म्हणून घातलाय. मी लिहायला बसले तशी ती समोर येऊन हात जोडून दाखवायला लागली, आधी हे लिही म्हणून. माझ्या मनात आज तुझ्यासाठी जे आहे ते जसंच्या तसं उतरवलं तर पोस्टमन पत्र घ्यायचा न्हाय.

तुझं पत्र काल मिळालं. एकदा वाचलं आणि विश्वास बसेना म्हणून परत वाचलं. दिवाळीच्या सुट्टीत आलास, करंज्या खाल्ल्यास, आईच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलास, आणि जाताना माझ्या ट्रंकेतली आईची कॅसेट काढून दुसरी ठेवून गेलास. तसलीच डबी. वर माझ्यासारखंच वळण काढून 'आई' लिहिलेलं. आणि बेंगळूरला पोचून, आंघोळ-जेवण उरकून, सावकाश लिहितोस की आक्का, रागावू नकोस. आपल्या गल्लीत ह्याला चोरी म्हणतात. तुमच्या प्रयोगशाळेत काय म्हणतात ते तू कळव.

कारणं तर काय एकेक! म्हणे मूळ कॅसेट लावेल तशी झिजते, तू ती येता-जाता लावतेस, म्हणून मी इथं थंड कपाटात जपून ठेवलीय. आणि तुला दिलीय तिची पट्टी माझ्या हातची आहे, तिच्यावरचे लोखंडाचे कण मी स्वतः तयार केलेत, आईचा आवाज माझ्या कणांवर उतरवलाय, तुला अभिमान वाटेल. व्हय रं, ऊर भरून आला माझा.

तुला त्या कॅसेटचं काय ठाऊक? ती भरली त्या दिवशी तू होतास कुठं? धारवाडला, परीक्षेला. मिरजेच्या डॉक्टरांनी आईला आणि मला बसवून सांगितलं की घशातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीही काढावी लागेल, जीव वाचेल पण बोलणं जाईल. मी रडायला लागले. आई वखारीत जन्मभर तंबाखू चाळलेली बाई. ती म्हणाली, "तंबाखू जीव न्यायची, ती आवाजावर भागवतीया. सस्त्यात सुटले." घरी आल्यावर मी मंडपवाल्या भरमूच्या हातापाया पडून त्याचा टेप मागून आणला. शेजारच्या नागुबाईनं जातं मांडलं, गल्लीतल्या बायका जमल्या, आणि आई दळत दळत गायली. घोगऱ्या आवाजात, मधे खोकत, कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत. मग आम्ही मिरजेला गेलो.

त्या ओव्यांत बाबासाहेबांच्या खालोखाल कोण असेल तर तू. आनंदा माझा शिकतो, आनंदा माझा येतो, आनंदाच्या वाटेवर काय आणि आनंदाच्या ताटात काय. माझं नाव एकदा येतं. दुसऱ्या बाजूला, अगदी शेवटी, पट्टी संपत आलेली असताना. 'सुला माझी गं' म्हणते आणि पुढचं खोकल्यात जातं. तेवढंच. त्यानंतर आईनं मला हाक मारलेली नाही, तिला मारताच येत नाही. काही हवं असलं की बांगडीनं डबा वाजवते. आईच्या तोंडून माझं नाव सगळ्या जगात त्या एका जागी आहे, आणि ते तू न विचारता उचलून बेंगळूरला नेलंस.

मूळ कॅसेट परत पाठव. दुसरं काही बोलायचं नाही.

आणि तुझा तो चुंबक. कागदावर लोखंडाचा कीस टाकून, खालून चुंबक फिरवून आईला खेळ दाखवत बसला होतास ना, कीस कसा एका बाजूला तोंड करून उभा राहतो आणि परत फिरवला की कसा मोडतो ते? ती हसली म्हणून तिलाच देऊन गेलास. आई तो सुयांच्या डब्यात ठेवते. वाकळ शिवताना सुई पडली की त्यानं शोधते. तुझ्या एवढ्या शिक्षणाचा ह्या घराला झालेला उपयोग तेवढाच.

सुला


निपाणी,
२२ जानेवारी १९८४

आनंदा,

कॅसेट मागितली तर व्याख्यान पाठवलंस. मी पण मास्तरीण आहे, मुलांनी विचारलेलं सोडून भलतंच लिहिलं की मी शून्य देते.

तरी वाचलं. कळलं ते असं. कॅसेटची पट्टी म्हणजे प्लास्टिकवर फासलेला गंज. त्या गंजाचा एकेक कण म्हणजे एकेक लहानसा चुंबक. आवाज आला की मशीन त्या कणांना वळवतं, आणि ते वळलेले तसेच राहतात, म्हणून आवाज राहतो. कण जितका बारीक तितकं थोड्या जागेत जास्त मावतं. तू असे कण करतोस की ते साध्या सूक्ष्मदर्शकातसुद्धा दिसत नाहीत, आणि पुढं बँकेचे हिशेब, रेल्वेची तिकिटं, सगळ्या देशाची माहिती बोटभर पट्टीवर बसेल. छान. पण पुढचं वाक्य तूच लिहिलंयस, मी त्याच्याखाली रेघ मारून ठेवलीय. कण फारच बारीक झाला तर त्याला वळून राहणं जमत नाही, नुसत्या हवेच्या उबेनंही तो हलतो आणि सगळं विसरतो. तुझं काम त्या काठावर चालतं म्हणे. आणि त्या काठावर न्यायला तुला आपली आईच सापडली!

शाळेत हेडमास्तरांनी विचारलं भाऊ काय करतो. मी म्हटलं, गंजाचा डॉक्टर होतोय.

खोटं बोलत नाही, तुझी पट्टी लावली तर आवाज स्वच्छ आला. मागं ती सूं सूं असायची ती नाही. आईचा खोकलासुद्धा नीट ऐकू येतो. माझं नावही आलं. म्हणून मी तुला माफ केलं असं समजू नकोस.

गेल्या आठवड्यात शेवंताबाईच्या थोरलीची हळद होती. आता गल्लीत कुणाचीही हळद असली की मला सांगावा येतो, बाई, आईचा टेप घेऊन या. पूर्वी आईला बोलवायचे, आता टेपला बोलवतात. जात्याशेजारी पाटावर माझा टेप ठेवला, बायका दळायला बसल्या आणि आईच्या ओव्या सुरू झाल्या. मग गंमत झाली. आपल्यात रीत आहे ना, ओवी म्हणणाऱ्या बाईला पहिली हळद लावायची आणि खण द्यायचा. नागुबाईनं काय केलं असेल? हळदीचं बोट टेपच्या बटणांना लावलं आणि खण त्याच्यावर ठेवून नमस्कार केला. भरमू ओरडायला लागला की बटणं चिकटतील. अख्खा मांडव हसला, मी पण हसले, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत.

आई भिंतीला टेकून बसली होती. मी वळून बघितलं तर जागा रिकामी. न जेवता घरी निघून आली होती. आल्यावर मी तिला बोलले. म्हटलं, लोक तुझ्या आवाजाला एवढा मान देतात आणि तू तोंड फुगवून निघून येतेस, शोभतं का? तिनं वाकळ पुढ्यात ओढली आणि शिवायला लागली. वयानं हट्टी झालीय.

मूळ कॅसेट पाठव. तिसऱ्यांदा सांगायला लावू नकोस.

सुला


निपाणी,
८ एप्रिल १९८४

आनंदा,

गेला. आईचा आवाज गेला. आता तरी तुझं समाधान झालं असेल.

आज रविवार, बायका ऐकायला आल्या होत्या. लावला तर नुसती खरखर, आणि मधनं कुणी दार बडवावं तसं धप धप. दुसरी बाजू लावली, तीच गत. शेवटपर्यंत पळवली. माझ्या नावाच्या जागी पण खरखर. उन्हातान्हात भरमूकडं गेले. त्यानं दुसऱ्या मशीनवर लावली, स्पिरिटनं मशीनचं डोकं पुसून लावली, मग कॅसेट माझ्या हातात देऊन म्हणाला, बाई, हिच्यात काय न्हाय आता.

तुझे कण विसरले, आनंदा. तूच लिहिलं होतंस विसरतात म्हणून. तुमच्या थंड कपाटात नसतील विसरत. इथं निपाणीत एप्रिलात पत्रा तापतो, त्याखाली माझी ट्रंक असते आणि तिच्यात तुझी हुशारी होती. तुला प्रयोग करायचा होता तर उंदीर घे, बेडूक घे, शाळेत तेच शिकलास ना? आईचं सगळं बोलणं एकदाच भरून झालं होतं. ते तू कच्च्या मालावर उतरवून मला दिलंस आणि वर म्हणतोस अभिमान वाटेल.

आईला सांगितलं, आवाज गेला. ती भाकरी थापत होती. मान हलवली आणि थापत राहिली. तिला कळलं नसेल म्हणून मी परत मोठ्यानं ओरडून सांगितलं. ती मुकी आहे, बहिरी नाही, हे माझ्याही ध्यानात राहत नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मला ताट घ्यायची खूण केली. मी जेवले नाही.

मूळ कॅसेट ह्या आठवड्यात निघाली पाहिजे. नाहीतर मी तिकडं येऊन तुमच्या साहेबांसमोर तुझी आरती ओवाळीन.

सुला


निपाणी,
३ जून १९८४

आनंदा,

तुझं पत्र. "आक्का, वाईट वाटलं." एक ओळ. आणि खाली सोळा ओळी, की ती कॅसेट परत पाठव, मला तपासायला हवी, घरच्या हवेत एवढे महिने राहिलेला नमुना माझ्याकडं दुसरा नाही.

नमुना.

मी ते पत्र मुलांच्या वह्यांखाली ठेवलं, कारण जवळ राहिलं असतं तर चुलीत घातलं असतं. लहानपणी तुला ताप आला की आई वखारीतनं अर्ध्या दिवसाचा खाडा करून पळत यायची, तिच्या अंगाला जर्द्याचा वास यायचा आणि तू शिंकायचास, तरी तिच्याच कुशीत शिरायचास. आज तिचा गेलेला आवाज तुला नमुना झाला. शिकून माणूस असा होत असेल तर मी वर्गातल्या पोरांना उद्यापासून सुट्टी देते.

तरी पाठवतेय. का, तर तुला तुझ्याच डोळ्यांनी दिसू दे तू काय केलंस ते. पोस्टातला कारकून कानडीत विचारत होता आत काय आहे. मी म्हटलं माझ्या आईचा आवाज. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि 'प्लास्टिक' असं लिहिलं. तुझ्यापेक्षा तो बरा, त्यानं निदान खरं ते लिहिलं.

आणि येऊ का म्हणून विचारू नकोस. रिकाम्या हातानं येणार असशील तर मुळीच येऊ नकोस.

सुला


निपाणी,
१२ ऑगस्ट १९८४

आनंदा,

तुझी लाज वाटते मला.

काय लिहितोस तू? "आक्का, माझे कण विसरलेले नाहीत. पट्टीवर आडवे पट्टे आहेत, आपोआप विसरले असते तर सगळीकडं सारखंच फिकं झालं असतं. त्या कॅसेटवरून कुणीतरी चुंबक फिरवलाय, एकदा नाही, पुन्हा पुन्हा." आणि पुढं, "माझे कण टिकले, आक्का!" उद्गारचिन्हासकट. आईचा आवाज पुसला गेला आणि माझ्या भावाला आनंद कशाचा झाला, तर गंज टिकल्याचा.

कुणीतरी म्हणजे कोण रं? ह्या घरात माणसं दोन. मी फिरवला? ज्या कॅसेटसाठी मी वर्षभर तुझ्याशी भांडतेय तिच्यावर मी चुंबक फिरवीन? का गल्लीतल्या बायका फिरवतील, ज्या तिला हळद लावतात? ह्या घरात चुंबक आहे एकच, तू दिलेला, आणि तो आईच्या सुयांच्या डब्यात असतो. डबा चालत ट्रंकेपर्यंत गेला म्हणतोस? आपली चूक झाकायला माणूस काय काय रचतो! तुमच्यात चूक झाली की नोकरीवर येतं म्हणून असेल, पण मग साहेबाला काय सांगायचं ते सांग, घरच्यांवर कशाला घालतोस? आम्ही अडाणी, आम्हाला काही कळत नाही, आम्हीच काहीतरी केलं असणार. हे ऐकत ऐकत आपल्या पिढ्या गेल्या. तेच आता माझ्या सख्ख्या भावाकडून बेंगळूरच्या कागदावर आलं.

तू लिहितोस की मूळ कॅसेटवरून बाजारच्या चांगल्या पट्टीवर दोन कॉपी केल्यात, त्या पाठवतो. नको मला तुझ्या कॉप्या. ऐक नीट. मूळ कॅसेट पाठव, आणि तुझ्याकडं जेवढ्या कॉप्या असतील तेवढ्या पुसून टाक. एकसुद्धा ठेवायची नाही. माझ्या आईला तुझ्या कपाटात, तुझ्या बाटल्यांच्या शेजारी राहायचं नाही. पुसल्या असं बाबासाहेबांच्या फोटोवर हात ठेवून म्हण आणि तसं लिहून पाठव. त्याशिवाय मला भाऊ नाही.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं नाही. तिला नुसतं म्हटलं, आनंदा म्हणतो आपल्या घरात कुणीतरी पुसलं. ती सुईत दोरा ओवत होती. तिचा दोरा दोनदा चुकला. बघ, तिलाही लागलं.

सुला


निपाणी,
२१ ऑक्टोबर १९८४

आनंदा,

हे पत्र बसून वाच.

मूळ कॅसेट दसरा झाल्यावर मिळाली. सोबत तुझी चिठ्ठी, की शपथेप्रमाणे सगळ्या कॉप्या पुसल्या. शब्दाचा पक्का निघालास, नेमका जेव्हा निघायला नको होतास तेव्हा.

मी ती आठवडाभर लावली नाही. उशाला घेऊन झोपत होते. चौदा ऑक्टोबरला रविवार होता, सकाळी विहारात वंदना झाली आणि बायका तिथूनच पांढऱ्या लुगड्यांत आपल्याकडं आल्या. मी टेप मधोमध ठेवला. पहिली बाजू लावली. तीच घरघर, तीच सूं सूं, आणि आई. नागुबाईनं डोळे मिटले. सगळ्या गुडघ्यांवर हनुवट्या टेकून टेपकडं बघत होत्या. मी पण. तूच येत होतास ओवीमागून ओवी, आणि मला त्या दिवशी तुझाही राग आला नाही.

पहिली बाजू संपली. दुसरी मी मुद्दाम थांबवली, कारण तिच्यात मी आहे. म्हटलं आधी चहा करू, मग निवांत ऐकू. कॅसेट काढून टेपवर ठेवली आणि आत गेले.

चहा घेऊन आले तर आई तिच्या जागी, वाकळेवर बसलेली. मांडीवर कॅसेट, शेजारी सुयांचा डबा उघडा, हातात तुझा चुंबक. पाटी पुसावी तशी ती कॅसेट पुसत होती. ह्या बाजूनं, मग उलटी करून त्या बाजूनं. घाई नाही, चोरून नाही. नागुबाई मला कौतुकानं म्हणाली, "बाई, आईनं कॅसेट साफ करायला घेतलीया."

मी हिसकावली. आईनं सोडून दिली, जरासुद्धा धरून ठेवली नाही. टेपात घातली, बटण दाबलं. खरखर. धप धप. तीच खरखर, आनंदा, एप्रिलातली. पुढं पळवली, अगदी शेवटापर्यंत, आणि कान लावला. तिथं खोकल्याचा एक तुकडा राहिलाय. नाव नाही, नुसता खोकला.

मी काय बोलले ते आता लिहायला नको होतं, पण लिहिते. सगळ्या बायकांसमोर मी आईवर ओरडले, "जन्मात एकदा माझं नाव घेतलंस, ते पण पुसलंस?"

आई उठली. आधी तिनं टेपची वायर भिंतीतनं काढली आणि नीट गुंडाळून त्याच्यावर ठेवली. मग माझ्यासमोर आली. मी अजून टेपकडंच बघत होते. तिनं माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड आपल्याकडं वळवलं, लहानपणी वेणी घालताना वळवायची तसं, जरा जोरातच. आणि ओठ हलवले. सु. ला. आवाज नाही. गळ्याच्या भोकातनं नुसती हवा. परत एकदा, सावकाश. सु. ला.

मग खाली वाकून सुयांच्या डब्यावर बांगडी वाजवली, आणि वाजवता वाजवता तेच ओठ हलवले.

पाच वर्षं मला वाटत होतं आई डबा वाजवते. आई मला नावानं हाक मारत होती, डबा नुसता मी वळावं म्हणून. आणि मी दर वेळी चुलीपुढनं, नाहीतर वह्यांवरनं, नाहीतर त्या टेपपाशी बसल्याबसल्या, मागं न वळता 'आले गं' म्हणत होते. एकदा मान वर करून बघितलं असतं तर दिसलं असतं.

पुढं तिनं काय केलं ते ऐक. टेपच्या बटणावर बोट ठेवलं, जिथं हळदीचा पिवळा डाग अजून आहे. तेच बोट आपल्या गालावर घासलं आणि बायकांना दाखवलं. बोट कोरडं, तिच्या गालाला हळद लागलीच नव्हती. मग भिंतीकडं हात केला, त्या हळदीला ती टेकून बसली होती तसं बसून दाखवलं, आणि आम्ही सगळ्या टेपकडं तोंड करून कशा बसतो त्याची नक्कल केली. आईनं नक्कल केली की अजून हसू येतं, पण कुणी हसलं नाही. नागुबाई पदर तोंडावर घेऊन बसली. म्हणाली, "आमी जित्या बाईला भिताडाला लावलं की गं." चहा कुणी घेतला नाही. एकेक उठून गेली, आणि जाताना आईच्या पाया पडली. शेवंताबाई तर उंबऱ्यातच रडायला लागली.

मी नंतर आईला विचारलं, तुला कसं कळलं ह्यानं पुसतं ते? तिनं तुझी उंची दाखवली. मग कागद, कीस, चुंबक, आणि हाताचा पंजा डोक्यावरनं फिरवून, विसरलं असं दाखवलं. दिवाळीत तूच शिकवलंस, आनंदा. आईला खेळ दाखवताना सांगितलंस की चुंबक फिरवला की लोखंड आधीचं सगळं विसरतं. तुझा एक तरी धडा कुणी एवढा मन लावून ऐकला असेल का? आणि पट्टे बघून तुला ऑगस्टातच सगळं कळलं होतं. डबा कुणाच्या हातात असतो तेही तुला ठाऊक होतं. 'आई' एवढी दोन अक्षरं लिहायची होतीस की! 'कुणीतरी' लिहिलंस. मी काय काय बोलले तुला, तरी नाव घेतलं नाहीस. तिला वाचवत होतास की मला, ते तू आल्यावर सांग.

माफी मागत नाही मी. कॅसेट चोरलीस ती चोरीच. नमुना म्हणालास ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, तुझे कण विसरले तरी. राग माझा गेलेला नाही. उलट आता तो कुणाकुणावर काढायचा हेच कळत नाही. आईवर काढावा तर ती समोर बसून शांतपणे सुईत दोरा ओवते. माझं नाव गेलं म्हणून काल रात्रीसुद्धा रडले, आणि रडताना कळत होतं की ज्याच्यासाठी रडतेय ते खोलीत माझ्याशेजारीच झोपलंय. ह्याला काय म्हणायचं ते तुमच्या शास्त्रात असेल तर कळव.

तू ये. पार्सल नको, पट्टी नको, नवीन मशीन तर नकोच नको, आणलंस तर दारातनं परत पाठवीन. ओव्यांत तू इतक्या वेळा होतास, तेही सगळं गेलं, आणि माझ्या शपथेपायी तुझ्याकडंही काही उरलं नाही. पण ती तुझंही नाव घेते. काल वाकळ शिवता शिवता घेतलं, मी बघितलं. ते ओठांवर कसं दिसतं ते मी लिहून कळवणार नाही. ते समोर बसल्याशिवाय कळत नाही.

येताना हळद आण. नागुबाईनं कुटून ठेवलीय म्हणते, पण आईच्या गालाला पहिलं बोट तुझ्या हळदीचं लागू दे.

डबा वाजतोय. थांबते आता, आधी वळून बघते.

आक्का